गुडघ्याची झीज : कोणता उपचार किती कामाचा?



एरवी या कार्यक्रमातून मी तुमच्याशी बीजप्रक्रियेबद्दल बोलतो, हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल बोलतो, सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याबद्दल बोलतो. आजचा विषय पिकाचा नाही. पिकात राबणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांचा आहे. आपल्या भागात ज्याला टोंगळे म्हणतात, त्या टोंगळ्यांचा.

तुम्ही म्हणाल, हा कृषी अधिकारी, याला दवाखान्याचं काय कळतं? खरं आहे. मी डॉक्टर नाही. रोगाचं निदान आणि औषध हे डॉक्टरांचंच काम. पण चिखली तालुक्यात अमडापूरकडे जा, नाही तर उंद्रीकडे जा, निंदणाच्या दिवसांत एकच चित्र दिसतं. बाया ओळीत बसून निंदत असतात. तासाभराने उठायची वेळ आली की एक हात जमिनीला, एक हात टोंगळ्यावर, आणि तोंडातून "आई गं" निघतं. बांधावर चहा घेताना गोष्टी निघतात. कोणी इंजेक्शनं घेतली, कोणी तेल आणलं, कोणी पुड्या खाल्ल्या. कोणाचे पाच हजार गेले, कोणाचे पन्नास हजार. सोयाबीनच्या पैशातला मोठा वाटा असा जातो. म्हणून हा विषय शेतकऱ्याच्या हिशोबाचाही आहे. आणि दोन उपचारांची तुलना कशी करायची, एवढं तर कृषी पदवीधराला शिकवलेलं असतंच.

दुखणं आहे तरी काय?

गुडघ्यात दोन हाडं एकमेकांवर फिरतात. त्यांच्या टोकांवर गुळगुळीत, चिवट असा थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. वय, वजन, जुनी इजा, घराण्यातला कल आणि वर्षानुवर्षं उकिडवं बसून केलेलं काम यांमुळे हा थर झिजतो, सांध्याला सूज येते, हाडाच्या कडा वाढतात. डॉक्टर याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. आपण झिजेचा संधिवात म्हणू.

हे दुखणं घरोघरी आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ माणसं तपासली. शंभरात सुमारे १८ जणांना सांध्यांचं, स्नायूंचं दुखणं होतं आणि शंभरात सुमारे सहा जणांना हा झिजेचा संधिवात होता. उकिडवं बसण्याबद्दल चीनमधल्या बेजिंग शहरातला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तरुणपणी रोज तीन तासांहून जास्त उकिडवं बसणाऱ्यांत म्हातारपणी गुडघ्याची झीज जास्त आढळली. आपल्या निंदणाऱ्या बाया रोज किती तास बसतात, ते तुम्हीच मोजा.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, झिजलेली कूर्चा पुन्हा नवी करणारं औषध आज बाजारात नाही. कोणी "वंगण भरून देतो, झीज भरून काढतो" म्हणालं तर तिथंच सावध व्हा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे दुखणं एकसारखं राहत नाही. महिनाभर जोर करतं, मग आपोआप उतरतं, पुन्हा चढतं. या चढउतारातच सगळी फसगत आहे. ती कशी, ते सांगतो.

टॉनिकवाला आणि बिनउपचाराचा वाफा

समजा, पावसाचा खंड पडला आहे. सोयाबीन पिवळं पडलं, माना टाकल्या. अशा वेळी टॉनिकवाला येतो. तुम्ही घायकुतीला आलेले असता. फवारणी करता. चार दिवसांनी पाऊस येतो आणि पीक हिरवंगार होतं. श्रेय कोणाला जातं? टॉनिकला. शेजाऱ्याच्या वावरात फवारणी झालेली नसते, तरी तेही हिरवं झालेलं असतं. पण तिकडे आपण पाहत नाही.

म्हणूनच अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात असो की दुसऱ्या कुठल्या प्रक्षेत्रावर, खताचा किंवा औषधाचा प्रयोग लावताना एका वाफ्याला काहीच देत नाहीत. तो बिनउपचाराचा वाफा. बाकीच्या वाफ्यांचं उत्पन्न त्याच्याशी ताडून पाहतात. तो वाफा नसेल तर नुसत्या हिरवेपणावरून काही सिद्ध होत नाही.

माणसाच्या दुखण्याचंही तसंच आहे. टोंगळा सर्वांत जास्त दुखतो तेव्हाच आपण नवा उपचार शोधतो. ते दुखणं पुढे थोडं उतरणारच असतं. त्यात भरवशाने औषध घेतलं की आणखी थोडं हलकं वाटतं. माणूस खोटं बोलत नाही. त्याला खरंच बरं वाटलेलं असतं. पण ते औषधाने वाटलं की नाही, हे त्याच्या सांगण्यावरून ठरत नाही.

डॉक्टरांच्या प्रयोगात बिनउपचाराचा वाफा म्हणजे बिनऔषधाची गोळी. दिसायला तशीच, आत औषध नाही. २००६ साली अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल आला. ग्लुकोसामाइन नावाचं औषध आपल्याकडेही गुडघ्यासाठी खूप खपतं, ते त्यात होतं. नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांतही शंभरातल्या ६० जणांचं दुखणं ठरवलेल्या मापाने कमी झालं. ग्लुकोसामाइन घेणाऱ्यांत शंभरातल्या ६४ जणांचं. हा फरक एवढा थोडा की तो योगायोगानेही पडू शकतो. सेलेकॉक्सिब ही दुखणं मारणारी गोळी घेणाऱ्यांत शंभरातल्या ७० जणांचं कमी झालं.

तेव्हा कोणी म्हणालं, "आमच्या औषधाने दहांतल्या सहा जणांना गुण आला", तर आता तुम्हाला माहीत आहे की औषध नसलेल्या गोळीनेही तेवढा गुण येतो.

पुण्याचा प्रयोग

आपल्या महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन केलेला एक मोठा प्रयोग इथे सांगण्याजोगा आहे. केंद्र सरकारच्या प्रकल्पात डॉ. चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेचे ४४० रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले. दोन गटांना सुंठ, गुळवेल वगैरे वनस्पतींच्या प्रमाणित अर्कांची आयुर्वेदिक औषधं दिली, तिसऱ्याला ग्लुकोसामाइन आणि चौथ्याला सेलेकॉक्सिब. कोणाला काय दिलं हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. २४ आठवड्यांनी पाहिलं तर चारही गटांना जवळपास सारखाच आराम होता. हा निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाला.

यातून काय घ्यायचं? आयुर्वेदिक औषधाचीही रीतसर परीक्षा घेता येते आणि ती आपल्याकडे घेतली गेली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण शेतकऱ्याच्या नजरेने पाहा. चारही वाफ्यांचं उत्पन्न सारखं आलं आणि या प्रयोगात बिनऔषधाच्या गोळीचा वाफा नव्हता. म्हणजे चारही औषधं सारखी चांगली, की आरामाचा मोठा भाग दुखणं आपोआप उतरल्याचा, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. दुसरी गोष्ट, वनस्पतींचं औषध घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताच्या रक्ततपासणीचा आकडा वाढला आणि औषध थांबवावं लागलं. तेव्हा "झाडपाल्याचं आहे, अपाय होत नाही" हे म्हणणं बरोबर नाही. वैद्यांचं औषध घ्यायचं तर नोंदणी असलेल्या वैद्यांकडून, लेबल असलेलं आणि त्यांच्या देखरेखीखालीच घ्यावं.

पुडीची गोष्ट

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण तुमच्या उपयोगाची आहे.

माझ्या मायचे दोन्ही टोंगळे दुखायचे. आठवडी बाजारात एक जण पुड्या विकायचा. सकाळ-संध्याकाळ एक पुडी, "शंभर टक्के जडीबुटी." फवारणीच्या डब्यावरचं लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नका, असं गावोगाव सांगत फिरणारा मी मायसाठी बिनलेबलाची पुडी घेऊन आलो.

तिसऱ्या दिवशी माय अंगण झाडायला लागली. आठव्या दिवशी वावरात गेली. मी खूश. चार जणांना तोच पत्ता दिला. पाच-सहा महिन्यांत मायचा चेहरा गोल झाला, अंग भरलं. बाया म्हणायच्या, "बाई, तब्येत सुधारली तुमची." ती सुधारणा नव्हती, सूज होती. मग एकदा तो पुडीवाला दोन बाजार आला नाही. पुड्या संपल्या. चार-पाच दिवसांत मायला उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, उठून बसता येईना. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब खूप खाली गेलेला आणि रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "पुडीत स्टेरॉइड असावं."

स्टेरॉइड हे मोठं गुणकारी औषध आहे, पण डॉक्टरच्या हातात. ते सूज आणि दुखणं झपाट्याने दाबतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जादू झाल्यासारखं वाटतं. महिनोन् महिने पोटात गेलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करायचं थांबवतं. मग बाहेरचं एकदम बंद झालं की जीवावर बेततं. माझी माय वाचली, पण साखरेची गोळी तिच्या मागे कायमची लागली.

म्हणून दोन गोष्टी गाठीला बांधा. बिनलेबलाची पुडी, गोळी, काढा कितीही गुणाचा म्हणून सांगितला तरी घेऊ नका. आणि जे आधीच महिनोन् महिने घेत आहेत त्यांनी ते एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करून देतील.

एकेक उपचार तपासू

*तेल, शेक, पट्टा.* कोमट शेक, हलक्या हाताने मालीश, यांनी तासभर बरं वाटतं. अपाय नाही, खर्च थोडा. जरूर करा. पण तेल सांध्याच्या आत जाऊन झीज भरत नाही. म्हणून हजार रुपयांची बाटली घेऊ नका, घरचं तिळाचं तेल चालेल. काठी मात्र फार कामाची. एकच टोंगळा दुखत असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरा. काठी घेण्यात कमीपणा नाही.

*लावायचं औषध.* डायक्लोफेनॅकचं जेल डॉक्टरांना विचारून लावलं तर गुडघ्याला गुण येतो, आणि ते रक्तात थोडंच उतरत असल्यामुळे गोळीपेक्षा अपायही कमी. गोळीच्या आधी याचा विचार करावा.

*दुखण्याच्या गोळ्या.* डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, सेलेकॉक्सिब या गोळ्यांनी दुखणं खरंच कमी होतं. पण त्या झीज थांबवत नाहीत, आणि रोज वर्षानुवर्षं खाण्याच्या नाहीत. पोटात व्रण, मूत्रपिंडावर भार, रक्तदाबात वाढ, हृदयाला धोका, असे अपाय आहेत. साखर, रक्तदाब, मूत्रपिंडाचं दुखणं असणाऱ्यांनी आणि साठी उलटलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. उन्हाळ्यात उन्हात राबताना अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, त्यात ही गोळी घेतली तर मूत्रपिंडाला जास्त धोका. औषधाच्या दुकानातून "कालचीच पट्टी द्या" म्हणून आणणं बंद करा. पॅरासिटामॉल त्या मानाने सौम्य, पण या दुखण्यावर त्याचा उपयोग फार थोडा आहे.

*गुडघ्यातली इंजेक्शनं.* ही तीन प्रकारची असतात. पहिलं स्टेरॉइडचं. त्याने काही आठवडे चांगला आराम पडतो. खूप सूज असेल तेव्हा डॉक्टर एखादं देतात, त्यात वावगं नाही. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात १४० रुग्ण होते. निम्म्यांना दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नव्हता, उलट स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली होती. दुसरं वंगणाचं म्हणून देतात ते. महाग असतं आणि बिनऔषधाच्या इंजेक्शनपेक्षा त्याचा गुण अगदी थोडा. तिसरं आपलंच रक्त काढून, त्यातला भाग वेगळा करून टोचतात ते. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर मिठाच्या पाण्याशी त्याची तुलना झाली. २०२१ साली निकाल आला, वर्षानंतर दोन्हींत फरक नाही. या इंजेक्शनांसाठी कर्ज काढू नका.

*दुर्बिणीने गुडघा धुणं.* यावरचा एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. १८० रुग्ण होते. काहींचा गुडघा दुर्बिणीने साफ केला, काहींचा नुसता धुतला आणि काहींना फक्त वरून चिरा देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. रुग्णांनी तशी आधी संमती दिली होती. दोन वर्षं पाहिलं, तिन्ही गट सारखेच. म्हणजे नुसत्या झिजेसाठी ही शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नाही.

*सांधा बदलणं.* ही खरी गुणाची शस्त्रक्रिया आहे. सगळे उपाय नीट करून झाले, तरी रात्री झोप नाही, घरातल्या घरात चालवत नाही, पाय वाकडा झाला, अशा माणसाने भिऊ नये. बसवलेले सांधे बहुतेकांचे २०-२५ वर्षं टिकतात. पण उकिडवं बसणं, मांडी घालणं पुढे बहुधा सोडावं लागतं, आणि कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेसारखा यातही धोका असतो. घाईही करू नये. डेन्मार्कमध्ये सांधा बदलण्याच्या अवस्थेला आलेले १०० रुग्ण घेतले होते. शस्त्रक्रियेने आराम जास्त पडला, हे खरं. पण ज्यांना आधी व्यायाम, आहार, औषध यांवर ठेवलं, त्यांतल्या चौघांपैकी तिघांना वर्षभरात शस्त्रक्रिया लागली नाही. हा निकाल २०१५ चा.

खर्चाचं म्हणाल तर, ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. नेहमी वापरतात त्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत तेव्हा कर सोडून ५४,७२० रुपये ठरवली. त्याआधी तो दीड लाखाच्या पुढे विकला जाई. म्हणून दवाखान्यात सांध्याची किंमत आणि बाकीचा खर्च वेगवेगळा लिहून मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं काही बसतं का, हे आरोग्यमित्राला आधी विचारा, मगच वावर गहाण टाकायचा विचार करा.

सर्वांत स्वस्त तोच पहिला

आता राहिला व्यायाम. तुम्ही हसाल. "साहेब, दिवसभर वावरात राबतो, आणखी कसला व्यायाम?" राबणं आणि व्यायाम यांत फरक आहे. निंदताना गुडघ्यावर भार पडतो, पण मांडीच्या पुढच्या स्नायूला हवी तशी ताकद मिळत नाही. हा स्नायू म्हणजे गुडघ्याचा टेकू. दुखतं म्हणून पाय जपला की स्नायू वाळतो, टेकू ढिला होतो, सांध्यावर भार वाढतो आणि आणखी दुखतं.

व्यायामाचीही परीक्षा झालेली आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या लष्करी दवाखान्यांतल्या प्रयोगात १५६ रुग्णांपैकी निम्म्यांना स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि निम्म्यांना व्यायामोपचार दिला. वर्षानंतर व्यायामवाले पुढे होते. वजनाचं म्हणाल तर, शरीराचं एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. अंगाने भरलेल्या माणसाने पाच किलो वजन उतरवलं तर दर पावलाला वीस किलोंचं ओझं उतरलं, असा हिशोब करा. जी माणसं आधीच वाळकी आहेत त्यांनी मात्र उपास करू नयेत.

हे चार व्यायाम लिहून घ्या :

१. पाय लांब करून बसा. टोंगळ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा. टोंगळ्याने टॉवेल खाली दाबा, दहा अंक मोजा, सोडा. दहा वेळा.

२. उताणे निजा. एक पाय वाकवलेला, दुसरा सरळ. सरळ पाय वीतभर उचला, पाच अंक मोजा, हळू खाली आणा. प्रत्येक पायाने दहा वेळा.

३. खाटेवर पाय सोडून बसा. एक पाय समोर सरळ करा, दहा अंक मोजा, हळू खाली घ्या. दहा वेळा. तीन आठवड्यांनी सोपं वाटलं की जुन्या कापडाची पिशवी शिवून त्यात अर्धा किलो वाळू भरा, घोट्याला बांधा आणि तोच व्यायाम करा.

४. खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि बसा. दहा वेळा. जमत नसेल तर सुरुवातीला हात टेका.

सकाळ-संध्याकाळ करा आणि सपाट रस्त्यावर झेपेल तेवढं चाला. व्यायामानंतर थोडं दुखेल, ते रातोरात उतरलं तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशीही जास्तच दुखत असेल तर वेळा निम्म्या करा. आठ दिवसांत सोडू नका. पेरलं की दुसऱ्या दिवशी कणीस मागत नाही आपण. सहा ते आठ आठवडे द्या. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात व्यायामोपचार शिकवणारे कोणी आहेत का ते विचारा आणि निदान एकदा त्यांच्यासमोर करून पाहा.

वावरातलं आणि घरातलं काम बदला

आता माझ्या खात्यातलं बोलतो. सोयाबीनमध्ये १५ ते २० दिवसांनी पहिली आणि ३० दिवसांच्या आसपास दुसरी डवरणी वेळेवर झाली, तर हाताने निंदायचं काम बरंच घटतं. डवरणी चुकली की तण माजतं आणि त्याचा भार घरच्या बाईच्या टोंगळ्यांवर येतो. उरलेल्या तणासाठी लांब दांड्याचं हातकोळपं, नाही तर सायकल कोळपं उभ्याने चालवता येतं. बसून निंदायचंच असेल तर सहा-आठ इंच उंचीचं हलकं स्टूल कमरेला बांधून घ्या. अर्धा तास बसलं की उठा, पाय झटका, दहा मिनिटं उभ्याचं काम करा. कापूस वेचताना झोळी भरभरून नेऊ नका, निम्मी झाली की रिकामी करा. डोक्यावर चाळीस किलोंच्या एका खेपेपेक्षा वीस किलोंच्या दोन खेपा बऱ्या.

घरात म्हाताऱ्या माणसासाठी संडासात खुर्ची ठेवा. दूध काढायला स्टूल घ्या. चूल खाली असेल तर ओटा करा. एका इंजेक्शनाच्या पैशात यातलं बरंच होतं.

डॉक्टरांकडे केव्हा लगेच जावं?

सांधा लाल, गरम होऊन सुजला आणि ताप असेल, पडल्यावर पाय टेकवत नसेल, सकाळी बोटांचे सांधे तासाहून जास्त वेळ आखडत असतील, किंवा भूक मंदावून वजन उतरत असेल, तर तो साधा झिजेचा संधिवात नसू शकतो. आमवात, युरिक अॅसिड, जंतुसंसर्ग यांचे उपचार वेगळे आहेत आणि त्यांत उशीर चालत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

- पहिला खर्च : व्यायाम, वजन, काठी, कामाची बैठक बदलणं. जवळजवळ फुकट.
- दुसरा : लावायचं औषध आणि जोर असेल तेव्हाच, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, थोडे दिवस गोळी.
- तिसरा : क्वचित एखादं स्टेरॉइडचं इंजेक्शन, जाणत्या डॉक्टरांकडून.
- शेवटचा : सांधा बदलणं. घाई नको आणि भीतीही नको.
- बिनलेबलाची पुडी : कधीच नाही.
- कोणी गुणाची गोष्ट सांगितली तर एकच विचारा, "ज्यांनी हे घेतलं नाही त्यांचं काय झालं?"

माझी माय आता दोन वर्षं रोज खाटेवर बसून वाळूची पिशवी उचलते. टोंगळे पूर्ण राहिले नाहीत, दुखतात अजून. पण गोळी महिन्यातून दोन-चारदाच लागते आणि देवळापर्यंत काठी घेऊन चालत जाते. ज्या चार जणांना मी पुडीवाल्याचा पत्ता दिला होता, त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. दोघं तोवर तीच पुडी घेत होते. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

तुमच्याही घरात अशी पुडी असेल. आज संध्याकाळी डबे उघडून पाहा, मायला, आजीला विचारा. हे पत्रक वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवा.

नमस्कार.